जहाज नसलेली कंदीलवाली

१४ मार्च, गुरुवार. सकाळी नळाला पाणी कमी दाबाने आलं. लाँड्रीतून चादरी आल्या, एकीवर इस्त्रीचा डाग. दुपारी खाली जाऊन किल्लीवाल्यांकडची आपली जादा किल्ली परत आणली. पाहुणे येणार आहेत असं कारण सांगितलं. पाहुणे कोणी येणार नाहीत.

माझ्या रोजनिशीत त्या दिवशीचं एवढंच आहे. शाळेत सिस्टरांनी बजावलं होतं की रोजनिशीत घडलेलं लिहावं, वाटलेलं लिहू नये, कारण वाटणं दुसऱ्या दिवशी बदलतं. ती शिस्त मी आजवर पाळली. पण किल्लीवाल्यांबद्दल सांगायचं तर वाटलेलंही सांगावं लागेल. लोकांना त्यांच्याबद्दल काय वाटतं, यावरच या माणसाचं सगळं आयुष्य चाललेलं आहे.

आमचा जिना रस्त्याला लागतो तिथे, जिन्याच्या पोटात, एक अरुंद गाळा आहे. आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला बाहेरच थांबावं लागतं. आमचे हे होते तेव्हापासून तो आमचा गाळा किल्लीवाल्यांकडे भाड्याने आहे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, हाताच्या केसांत कायम पितळेचा कीस अडकलेला. मागच्या खोलीत एकटे राहतात. पूर्वी कुलपांच्या कारखान्यात तपासनीस होते. तो बंद पडल्यावर त्यांनी किल्ली कापायचं मशीन घेतलं. लग्न झालं नाही. एकदोन ठिकाणी बोलणी बरीच पुढे गेली होती, पण ज्याला कुठलंही दार उघडता येतं त्याच्या हाती मुलगी कशी द्यायची, असं म्हणे मुलीकडच्यांना वाटलं. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. वस्तीत कुठे चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा त्यांच्याकडे येतात. त्यासाठी एक इस्त्रीचा शर्ट ते खुंटीला तयार ठेवतात. साहेबांसमोर कीस लागलेल्या शर्टात उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणतात.

असा माणूस वागायला सावध होतो. किल्ली कापताना गिऱ्हाईक समोर हवंच. एखादी बिघडली तर त्याच्या देखत पकडीत धरून मोडतात आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातावर ठेवतात. साबणावरचा ठसा किंवा फोनवरचा फोटो घेऊन कोणी आलं तर मान वर न करता नाही म्हणतात. नकलेवरून नक्कल करायलाही नाखूश असतात. "मूळची घेऊन या," म्हणतात. "झिजलेल्या किल्लीवरून कापली तर झीजही कापली जाते." आणि कोणी कुठली किल्ली करून नेली हे ते कधीही, कोणालाही सांगत नाहीत. एकदा एका शेजारणीने, आपल्या नवऱ्याने दुसऱ्या घराची किल्ली करून घेतली का, म्हणून फार खोदून विचारलं होतं. तिलाही त्यांनी फक्त पाणी दिलं.

या सगळ्याचं फळ म्हणजे त्यांच्या गाळ्यातली फळी. तिच्यावर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला कोणाच्या तरी घराची जादा किल्ली. नाव नाही, नंबर नाही, नुसता रंगाचा ठिपका. कोणता ठिपका कोणाचा हे त्यांच्या डोक्यात. दार लागून जाऊ द्या, किल्ली हरवू द्या, म्हातारीला आत काही होऊ द्या, वस्ती त्यांच्याकडे धावते. इतक्या संशयात वावरणाऱ्या माणसावर इतका विश्वास कसा, याचं मला नवल वाटायचं. ती फळी हीच त्यांची कमाई होती. बाकी गाळा भाड्याचा, मशीन जुनं.

या माणसाला पत्त्यांचा नाद लागला तो माझ्या भाचीमुळे.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून माझ्याकडेच राहते, एका दवाखान्यात एक्स-रे काढते. हुशार, तडफदार, जिभेला धार. रविवारी समोरच्या गल्लीतल्या कार्डांच्या दुकानात जाऊन ती एक खेळ खेळते. त्याचे पत्ते आपल्या पत्त्यांसारखे नसतात. हजारो निरनिराळी कार्डं छापलेली असतात, प्रत्येकावर चित्र आणि ते काय करतं त्याची माहिती. त्यांतून साठ निवडून प्रत्येकाने आपला गठ्ठा घरूनच बांधून आणायचा. त्याला डेक म्हणतात. निम्मा खेळ डेक बांधतानाच होऊन जातो. मात्र कुठे मोठ्या स्पर्धेत कोणी जिंकलं की त्याच्या साठ कार्डांची यादी लगेच इंटरनेटवर येते. मग कोणीही तीच कार्डं जमवून तोच डेक घेऊन बसतो. नियमाने याला कोणी अडवू शकत नाही. भाची तेच करायची आणि बहुतेकदा जिंकायची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दाराची किल्ली कुलपात मोडली. किल्लीवाले वर आले, तुकडा काढला आणि भाचीची कार्डं टेबलावर पसरलेली पाहून तिथेच उभे राहिले. एका कार्डावर गंजलेली बिजागरी होती. ही काय करते, त्यांनी विचारलं. भाची म्हणाली, काही कामाची नाही, गंजाची कार्डं समोरच्याची यंत्रं हळूहळू जाम करतात, पण इतकी हळू की तोवर आपण हरलेलो असतो. किल्लीवाल्यांनी ते कार्ड उजेडात धरलं आणि मागून घेतलं. गंजाला वेळ द्यावा लागतो, म्हणाले.

त्यानंतर गाळा बंद केला की ते संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर सरावाला येऊ लागले. मी चहा करायची आणि विणत बसायची. दोघांचं एका गोष्टीवरून रोज वाजायचं. भाची म्हणायची, डॉक्टर काय प्रत्येक पेशंटसाठी नवं औषध शोधून काढतो? जे लागू पडतं ते देतो. किल्लीवाले पत्ते पिसत ऐकून घ्यायचे.

"मी दिवसभर नकलाच करतो, ताई," एकदा ते म्हणाले. "संध्याकाळी तरी नको."

"म्हणून हरता रोज."

"हरतो ते माझ्या डेकने हरतो."

"हो, ते तर दिसतंच आहे."

पुढे ते हरेनासे झाले. एक कार्ड काढ, दुसरं घाल, असं वर्षभर चाललं होतं. शेवटी एकच जागा राहिली. तिथे हवं असलेलं गंजाचं कार्ड कुठे मिळत नव्हतं आणि एकोणसाठ कार्डांनी खेळता येत नाही. भाचीच्या नको असलेल्या कार्डांच्या डब्यातून मी एक उचललं. हातात कंदील घेतलेली एक म्हातारी. तिचं नाक हुबेहूब आमच्या शाळेच्या मदर सुपिरिअरसारखं होतं, तसंच पुढे वाकून वास घेतल्यासारखं. मी म्हटलं, ही घ्या, हिच्यापुढे कोणाची मस्ती चालणार नाही. भाची हसून हसून खोकायला लागली. तिने सांगितलं की ही कंदीलवाली समुद्रातली जहाजं किनाऱ्याला आणते, आणि किल्लीवाल्यांच्या डेकमध्ये जहाज औषधालाही नाही. किल्लीवाल्यांनी मात्र कार्ड डेकमध्ये सरकवलं. "बसू दे, काकू. रिकाम्या खिळ्याला काहीतरी हवंच." पुढे ते हवं असलेलं कार्ड मिळालं, तेव्हा त्यांनी दुसरंच एक काढलं आणि कंदीलवालीला राहू दिलं. आता तिची सवय झाली, म्हणाले.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी दुकानात 'स्वतःचा डेक' नावाची स्पर्धा होती. दुकानदाराला सगळे पंच म्हणतात, कारण कोणाचंही कशावरूनही वाजलं की तो मध्ये पडतो. वर्षातून एकदा तो ही स्पर्धा घेतो. त्या दिवशी नक्कल चालत नाही. डेक आधी कुठे प्रसिद्ध झालेला नसला पाहिजे. जो जिंकेल तो बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धेत दुकानातर्फे जातो. भाची या स्पर्धेत कधीच बसू शकली नव्हती. किल्लीवाले बसले आणि जिंकले. संध्याकाळी वर येऊन त्यांनी मला जिन्यातच सांगितलं, आणि चहा न घेता खाली गेले. तोंडावरचं हसू आवरत नव्हतं, म्हणून गेले असावेत.

सोमवारी ते हसू गेलं. दुकानात नियमाने येणारा बँकेतला एक कारकून आहे. त्याने फोनवर एक यादी सगळ्यांना दाखवली. भलत्याच गावच्या कोणा खेळाडूने आपला नवा डेक म्हणून ती स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात इंटरनेटवर टाकली होती. किल्लीवाल्यांचाच डेक, साठच्या साठ कार्डं.

पंचाने किल्लीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, माझा आहे. मग हा कोणाचा, पंचाने फोन पुढे केला. त्यांनी यादी पाहिली. बँकवाला नंतर सगळ्यांना सांगत होता की पाहता पाहता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि चेहरा उतरला. चोर सापडला की असाच दिसतो, असं त्याचं म्हणणं. किल्लीवाले तिथे पुढे काहीच बोलले नाहीत. पंचाने बाहेरगावच्या जागेचा निकाल दोन रविवार पुढे ढकलला.

एवढ्यावर राहतं तर खेळापुरतं होतं. पण बँकवाला बोलका. दिवसभर त्याच्या खिडकीसमोर रांग असते. नक्कल करणं तर त्यांचं पोटच आहे, असं तो आधी गमतीत म्हणाला. मग कोणी तरी म्हणालं, गुपचूप नक्कल करून माझंच म्हणणारा माणूस, आणि आपल्या घरांच्या किल्ल्या त्याच्या फळीवर. बुधवारपर्यंत फळीवरचे खिळे मोकळे दिसू लागले. कोणी म्हणे आम्ही कुलूप बदललं, कोणी म्हणे मुलाला हवी आहे. किल्लीवाले कोणालाही काही न विचारता किल्ली काढून देत होते.

मलाही शंका आली, हे कशाला लपवू. आमचे हे असताना माझ्या स्वभावाला संशयी म्हणायचे, मी त्याला लक्ष ठेवणं म्हणते. मला आठवायला लागलं की किल्लीवाले कधी कधी भाचीच्या फोनमध्ये डोकावायचे. आठवायला बसलं की सगळंच आठवतं. त्यात गुरुवारी सकाळी दवाखान्यात जायला निघालेली भाची दारातून परत फिरली.

"मावशी, आपली किल्ली परत घेऊन ठेव."

"का गं?"

"सगळे घेताहेत. बरं दिसत नाही आपलीच राहिलेली."

त्यात मला काही वावगं वाटलं नाही. दुपारी मी खाली गेले आणि पाहुण्यांची थाप मारली. किल्लीवाल्यांनी हिरव्या ठिपक्याची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, पाहुणे येणार म्हणजे गर्दी होईल, जिन्यातला दिवा मी आजच बघून घेतो. त्यांनी तो पाहिलाही. मी किल्ली कपाटात टाकली, कपाटाला कुलूप लावलं.

किल्ली परत आणल्यावर मात्र माझा संशय जागा बदलू लागला. खेळ सोडला तर, जे इतर सगळे करतात ते कधीच न करण्याचा भाचीचा बाणा. शेजारणींनी पडदे बदलले म्हणून आपले बदलू या म्हटलं तर अंगावर येते. मग या एका बाबतीत तिला बरं न दिसण्याची काळजी का पडावी? आणि ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळी दोन वर्षं वाद घातला, त्याच्यावर आळ आल्यापासून तिने त्याच्याबद्दल चांगलं किंवा वाईट एक अक्षर काढलं नव्हतं. ती भांडली असती तर मला समजलं असतं. गप्प भाची मी पाहिलेली नव्हती.

मग मी ती यादी पाहायची ठरवली. भाचीला सांगितलं, एवढा गवगवा चाललाय तो डेक मला दाखव तरी. तिने नाइलाजाने फोन दिला. मी चष्मा लावून एकेक ओळ वाचत गेले, आणि गंजाच्या कार्डांच्या खाली, एकटीच, कंदीलवाली.

मी फोन खाली ठेवला नाही. चेहराही हलू दिला नाही, ते मला शाळेपासून येतं. ज्याने तो डेक स्वतः बांधला असेल त्याला जहाजांवाचून कंदीलवाली कशाला लागेल? ती त्या डेकमध्ये आली होती माझ्या हातून, मदर सुपिरिअरच्या नाकामुळे, या टेबलावर. म्हणजे यादी या टेबलावरून गेली होती. टेबलाशी आम्ही तिघंच. त्यांपैकी मला इंटरनेटवर काही टाकता येत नाही, आणि किल्लीवाले स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतील?

यादीच्या खाली लोकांनी लांबलचक लिहिलं होतं. तेही मी वाचलं. सगळा काथ्याकूट कंदीलवालीवरच होता. एकाने लिहिलं होतं की ही खरी प्रतिभा, समोरच्याला वाटावं आपल्याकडे जहाजं आहेत, तो जहाजांच्या भीतीने चुकीचा खेळतो. दुसऱ्याने त्यावर आकडेमोड केली होती. तिसरा म्हणत होता, या एका कार्डावरून बांधणाऱ्याची खोली कळते. कितीएक जणांनी तो डेक उतरवून घेतला होता आणि सगळ्यांनी कंदीलवाली घेतली होती.

मी भाचीला सरळ विचारलं नाही. सरळ विचारलं की माणूस सरळ खोटं बोलतो. मी विणकाम हातात घेतलं आणि सहज म्हणाले, "ही कंदीलवाली म्हणे फार मोठी युक्ती आहे."

भाची हो म्हणाली, आणि घडाघडा सांगत सुटली. समोरच्याला जहाजांचा धाक, चुकीचा खेळ, सगळं. फोनवर वाचलेलं जसंच्या तसं. मी तिला पूर्ण बोलू दिलं.

"अगं, पण तू तर खोकत होतीस हसून," मी म्हटलं. "तिचं नाक आमच्या मदरचं आहे म्हणून."

ती थांबली. सुई माझ्या हातात होती, तिच्या हातात काहीच नव्हतं, त्यामुळे तिला बघायला कुठे जागा नव्हती. मग तिने सांगितलं.

या खेळात म्हणे मुरलेल्या खेळाडूंचे बंद गट असतात. आपसात सराव करतात, आपल्या युक्त्या बाहेर फुटू देत नाहीत. मोठ्या स्पर्धांत पुढे जायचं तर अशा गटात असावं लागतं. आणि गटात शिरायचं तर दारात एक नवा डेक ठेवावा लागतो, कोणी न पाहिलेला. हेच त्यांचं प्रवेशाचं शुल्क. भाचीकडे नवं काही नव्हतं. दुसऱ्यांचे डेक तिच्याइतके चांगले कोणी खेळत नाही, पण स्वतः बांधायला बसलं की हात थांबतो, ती म्हणाली. हे तिने मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी खाली गिऱ्हाईक आलं म्हणून किल्लीवाले डेक टेबलावर ठेवून गेले, मी चहाचं बघत होते, आणि तिने कार्डं पसरून फोटो काढला. गटाला स्वतःचा म्हणून दिला. गटातल्याच एकाने तो आपल्या नावाने जगाला दाखवला.

"तो बाहेर जाणारच नव्हता, मावशी. गटाचा नियम आहे."

"नकलेवरून नक्कल झाली," मी म्हटलं. "आणि किल्ली परत आणायला मला का पाठवलंस?"

तिने टेबलावरचा फोन पालथा घातला. याचं उत्तर मी तिला देऊ केलं नाही. आपण ज्याचं वाईट केलं तो विश्वासाला पात्र नाही असं सगळ्यांनी ठरवलं तर आपल्याला जरा बरं वाटतं. ते तिचं तिला माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात गेले. फळीवर मोजक्या किल्ल्या उरल्या होत्या आणि किल्लीवाले रिकामे खिळे कापडाने पुसत होते. मी म्हटलं, मला सगळं समजलं आहे. त्यांनी मशीनचं बटण बंद केलं.

"तुम्हाला केव्हा समजलं?" मी विचारलं.

"पंचाच्या दुकानातच. म्हातारी दिसली की यादीत."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाच्या घरातून काय गेलं, हे मी सांगत नसतो, काकू."

"ते किल्ल्यांचं झालं. हा तुमचा डेक होता."

"सवय एकच असते. एकदा सांगायला लागलो की फळीवर काय उरेल?" ते फळीकडे बघून जरा हसले. "आता तसंही काय उरलंय म्हणा."

मला त्यांचा राग आला. हा मोठेपणा होता की आडमुठेपणा, हे मला आजही सांगता येत नाही. ताईंना काही बोलू नका, एवढं वर त्यांनी मलाच बजावलं. मी ते ऐकलं नाही. संध्याकाळी भाचीला सांगितलं, रविवारी सगळ्यांसमोर तू सांगशील, नाही तर मी येऊन सांगेन, आणि मी सांगायला लागले की थोडक्यात सांगत नाही हे तुला माहीत आहे. ती म्हणाली गट मला काढून टाकेल, दुकानातही कोणी समोर बसणार नाही. मी म्हटलं, सध्या त्यांच्या समोर कोण बसतंय? त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाकघरात भांडी मात्र बरीच बोलत होती.

रविवारी मीही गेले. ती जाईल आणि अर्धंच सांगून येईल, असं मला वाटत होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, लांब टेबलं, भिंतीला काचेची कपाटं आणि न धुतलेल्या जॅकेटांचा वास. माझ्यासाठी कोणी तरी खुर्ची रिकामी केली. तीनचार जण त्या यादीतल्या डेकने खेळत होते. त्यांतल्या दोघांच्या हातात कंदीलवाली होती. किल्लीवाले दाराशी उभे होते, इस्त्रीच्या शर्टात.

भाचीने सांगितलं, आणि पूर्ण सांगितलं. आवाज तिचा खाली गेला, पण शब्द गाळला नाही. फोटो, गट, सगळं. पंचाने पुरावा विचारला. ती म्हणाली, कंदीलवाली, डेकमध्ये जहाज नाही. त्यावर बँकवाला लगेच म्हणाला की तीच तर खरी युक्ती आहे, धाक दाखवायला ठेवलेली. मग मला उठावं लागलं. मी सांगितलं की ते कार्ड मी निवडलं, नाक पाहून. कार्डं खेळता खेळता दोघंतिघं थांबली. एकाने आपल्या हातातली कंदीलवाली उलटसुलट करून पाहिली. मी सांगते त्यापेक्षा फोनवरचा अर्थ त्यांना जास्त पटत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"आजी," बँकवाला म्हणाला, "ते तुमचे भाडेकरू आहेत ना?"

"आहेत. आणि ही माझी भाची आहे. खोटंच बोलायचं असतं तर कोणाला वाचवलं असतं मी?"

पंच आधी गालातल्या गालात, मग मोठ्याने हसला. त्याने एका खेळाडूच्या हातातून कंदीलवाली घेतली, नाकाकडे पाहिलं, आणि किल्लीवाल्यांना विचारलं, जागा तुमची, बाहेरगावी कधी निघता? ते म्हणाले, गाळा बंद ठेवावा लागेल, बघतो. बँकवाल्याने खांदे उडवले. त्याला पटलं नव्हतं आणि ते पटणारही नाही. निघताना तो कोणाला तरी हळूच म्हणत होता की घरातल्या घरात मिटवलं.

परतताना भाची पुढे आणि आम्ही दोघं मागे. गाळ्यापाशी किल्लीवाले थांबले आणि भाचीला म्हणाले, "ताई, उद्या येतो सरावाला. तुमचा डेक काढून ठेवा, जो असेल तो."

ते आले, पुढेही येत राहिले. पूर्वीसारखाच चहा, पूर्वीसारखाच वाद, फक्त भाची जिभेला जरा लगाम लावून. फरक एकच आहे. खाली घंटी वाजली की ते आता डेक उचलून खिशात घालतात आणि मगच जिना उतरतात. भाची तेव्हा आपल्या कार्डांकडे बघत राहते. मीही सुयांकडेच बघते.

त्या रविवारच्या संध्याकाळी मात्र हे पुढचं काही माहीत नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा खाली उतरले तेव्हा गाळ्याच्या दारातून मला फळी दिसली. मधल्या रांगेत एक नवी किल्ली होती, काळ्या ठिपक्याची. ठिपक्याचा रंग अजून ओला होता. पंच नुकताच तिथून गेला होता, त्याच्या दुकानाच्या शटरची असावी, पण किल्लीवाल्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. मी वर आले, कपाट उघडलं.

२४ मार्च, रविवार. दिवसभर उकाडा. दुपारी भाचीबरोबर कार्डांच्या दुकानात गेले. जादा किल्ली खाली नेऊन दिली. स्वयंपाकघरातला बल्ब गेला होता, तो बदलला.